एफजी-१८० अजून बनते का? देवळालीतल्या एका गिटारचं प्रकरण

गिटार दुरुस्तीच्या कामात सगळ्यात जास्त कानावर पडणारा प्रश्न म्हणजे "किती होतील?" त्याखालोखाल, "हेच मॉडेल अजून येतं का?" पहिल्याचं उत्तर दोन मिनिटांत देता येतं. दुसऱ्याचं उत्तर लोक हो किंवा नाही असं मागतात आणि दुकानदारही तसंच देऊन टाकतात. देवळाली कॅम्पातल्या एका गिटारने या हो-नाहीची चांगलीच पंचाईत केली, म्हणून ते प्रकरण सविस्तर मांडतो आहे.

गिटार यामाहाची, एफजी-१८०. मालकीण निवृत्त शिक्षिका, वय सत्तरीच्या पुढे. अख्खं कॅम्प त्यांना बाई म्हणतं, म्हणून इथेही बाईच. त्यांचे थोरले भाऊ मर्चंट नेव्हीत होते. १९७१ साली जपानच्या फेरीवरून परतताना त्यांनी ही गिटार आणली. तेव्हापासून शाळेची प्रार्थना, रविवारची उपासना, नाताळची गाणी, सगळं तिच्यावर झालं. अलीकडे मात्र ती पेटीत पडून होती. बोटं दुखतात, एफ कॉर्ड धरवत नाही, असं बाई सांगायच्या आणि दोष स्वतःच्या वयाला द्यायच्या. मुलगा पुण्यात नोकरीला. त्याने ठरवलं, आईला तीच गिटार नवी कोरी घेऊन द्यायची.

त्याने नाशकात, पुण्यात आणि मुंबईत विचारपूस केली. एक दुकानदार म्हणाला, "ती केव्हाच बंद झाली." दुसरा म्हणाला, "येते ना, आता तिलाच एफजी-८०० म्हणतात." तिसऱ्याने एफ-३१० पुढे केली: "कंपनी तीच, आकार तोच, पैसे कमी." मुंबईचा एक विक्रेता म्हणाला, "२०१६ला परत आली होती, आता माल नाही." चौघांच्याही बोलण्यात थोडं थोडं तथ्य होतं, त्यामुळे गोंधळ आणखीच वाढला. मग मुलाने मला फोन केला. मी म्हटलं, आधी गिटार बघू, मग मॉडेलचं बोलू.

गिटारची ओळख

साउंडहोलमधून, म्हणजे पुढच्या गोल भोकातून, आत पाहिलं तर लाल लेबल, त्यावर निप्पॉन गाक्की. मुलाला वाटलं, गिटार यामाहाची नाहीच. पण यामाहाचं जुनं नाव तेच. तोराकुसू यामाहा यांनी १८८७ साली हामामात्सुच्या एका शाळेतला बिघडलेला ऑर्गन दुरुस्त केला, तिथून हा उद्योग सुरू झाला. १८९७ साली त्याची निप्पॉन गाक्की ही कंपनी झाली आणि यामाहा कॉर्पोरेशन हे नाव थेट १९८७ साली आलं. शाळेच्या बिघडलेल्या पेटीतून एवढा मोठा कारखाना उभा राहिला हे ऐकून बाई खूश झाल्या. "आमच्या शाळेची पेटी दुरुस्तीला नेणारा तर ती परत आणायचाच नाही," म्हणाल्या.

लेबलच्या रंगाला महत्त्व आहे. एफजीच्या पहिल्या पिढीचं लेबल लाल. पुढे हिरवं, काळं, बदामी, नारिंगी असे रंग आले आणि उत्पादनाचा बराच भाग तैवानला गेला. म्हणून नुसता नंबर सांगून भागत नाही. कोणत्या लेबलची, हेही सांगावं लागतं. आत नेक ब्लॉकवर, म्हणजे गिटारचा नेक (गळा) जिथे अंगाला जोडतो त्या ठोकळ्यावर, शाईचा बारीक शिक्का होता, सुरुवातीला ४५. जपानी कालगणनेत शोवा ४५ म्हणजे १९७०. भावाने १९७१ला आणली, ते जुळलं.

मग टॉप, म्हणजे गिटारचा पुढचा फळा. साउंडहोलची कड उजेडात धरली की लगेच कळतं. एकसंध लाकूड असेल तर वरच्या रेषा कडेवरूनही तशाच आत उतरताना दिसतात. इथे कडेला थर दिसत होते. म्हणजे टॉप प्लायचा, स्प्रूस या सूचिपर्णी झाडाच्या लाकडाचे पातळ पापुद्रे एकमेकांवर चिकटवलेला. मागचा आणि बाजूचा भागही महोगनीच्या प्लायचाच.

हे ऐकून मुलाने तोंड वाकडं केलं. आजकाल प्रत्येक व्हिडिओत सॉलिड, म्हणजे एकसंध, टॉपचं कौतुक असतं, त्यामुळे प्लाय म्हटलं की लोकांना फसवल्यासारखं वाटतं. माझं मत वेगळं आहे. या गिटारने नाशिकचे पन्नासहून जास्त उन्हाळे काढले, तेही पेटीत ओलाव्याची कसलीही सोय नसताना, आणि टॉपला एक चीर नाही. प्लायचे थर एकमेकांना आडवे असतात, त्यामुळे हवा बदलली तरी लाकूड फारसं आकसत-फुगत नाही. एकसंध टॉप या हवेत काळजीशिवाय एवढी वर्षं धड राहिला असता, असं मला वाटत नाही. आणि आवाज? थोडा घट्ट, मध्यम सुरांत भरलेला, बाईंच्या गळ्याला सोबत करणारा. अमेरिकेतल्या वुडस्टॉक संगीत महोत्सवात १९६९ साली गायक कंट्री जो मॅकडोनाल्ड हजारोंच्या गर्दीसमोर एकटे उभे राहिले तेव्हा त्यांच्या हातात याच पिढीतली धाकटी, एफजी-१५० होती. प्लायमुळे कुणाचं काही अडलं नव्हतं.

चार उत्तरं तपासून पाहू

एफजी-१८० आणि एफजी-१५० बाजारात आल्या १९६६ साली. एफजी म्हणजे फोक गिटार. तेव्हा जगभर लोकगीतांच्या ढंगाच्या गायकांची लाट होती, जपानातही होती, आणि स्टीलच्या तारांची स्वस्त, टिकाऊ गिटार हवी होती. सत्तरच्या दशकात १८० हा नंबर मागे पडला आणि दुसरे नंबर आले. त्यामुळे "बंद झाली" म्हणणारा पहिला दुकानदार नंबरापुरता बरोबर.

दुसऱ्याची एफजी-८०० ही २०१६ साली आलेली, त्याच घराण्याची आजची पिढी. म्हणून तोही चूक नाही. पण तिचा टॉप एकसंध सिटका स्प्रूसचा आहे आणि आतल्या आधारपट्ट्या कोरून हलक्या केलेल्या आहेत. त्यामुळे खर्ज मोठा आणि आवाज मोकळा. मूळ एफजी-१८०च्या मानाने ही वेगळ्या स्वभावाची गिटार आहे. चांगली आहे, माझ्या शिकवणीत तीन मुलं हीच वाजवतात, पण तीच नाही.

मुंबईवाल्याचं म्हणणंही खरं. एफजी मालिकेला पन्नास वर्षं झाली तेव्हा, २०१६ साली, यामाहाने एफजी-१८०-५०टीएच ही मर्यादित आवृत्ती काढली. डोकं जुन्या घाटाचं, नंबर जुना. टॉप मात्र एकसंध, आणि लाकूड मुरवण्याच्या कंपनीच्या प्रक्रियेतून काढलेला. या प्रक्रियेत तापमान, आर्द्रता आणि दाब बेतून लाकूड लवकर वयात आणलं जातं. २०१९ साली रेड लेबल नावानेच एफजी-३ आणि एफजी-५ आल्या, दिसायला अगदी बाईंच्या गिटारच्या बहिणी. दोन्हींत टॉप, मागची पाठ आणि बाजू, सगळं एकसंध लाकूड. एफजी-५ जपानमध्ये बनते आणि तिची किंमत एफजी-८००च्या कितीतरी पट. थोडक्यात, ज्या स्वस्त आणि चिवट गिटारची आठवण म्हणून त्या काढल्या, तिच्यातल्या स्वस्तपणाला आणि प्लायला दोघींनीही रजा दिली.

आता तिसरा, एफ-३१०वाला. त्याला मी सुरुवातीला मनात हसलो होतो, कारण एफ-३१० ही शिकाऊंची गिटार, आणि महाराष्ट्रात जिथे जिथे क्लास चालतो तिथे ती दिसते. पण बांधणीकडे पाहिलं तर टॉप स्प्रूसच्या प्लायचा, किंमत हातातली, मोठ्या अंगाचा घाट. १९६६ साली एफजी-१८० ज्या गिऱ्हाइकासाठी बनली, त्या गिऱ्हाइकासाठी आज एफ-३१० बनते. तिला एफजी-१८० म्हणता येणार नाही, पण बाकी तिघांना न दिसलेली एक गोष्ट या माणसाने, कदाचित माल खपवण्याच्या नादात का होईना, बोलून दाखवली.

मुलाला हे सगळं सांगितलं तेव्हा तो म्हणाला, "दादा, म्हणजे आरएक्स-१००सारखंच झालं." त्याची तुलना मला आवडली. यामाहा आरएक्स-१०० भारतात १९८५ ते १९९६ या काळात बनली, आणि अजून प्रत्येक गॅरेजात कुणीतरी विचारतंच, परत येणार का? यामाहाच्या नव्या गाड्या आल्या, पण जिला लोक विचारतात ती टू-स्ट्रोक. शिवाय दोन्हींचं मूळ एकच: मोटारसायकलची यामाहा मोटर १९५५ साली याच निप्पॉन गाक्कीतून वेगळी झाली. टाकीवरच्या गोल चिन्हात ज्या तीन आडव्या-उभ्या काड्या दिसतात ते ट्यूनिंग फोर्क आहेत, सूर जुळवायचे चिमटे. हे सांगितलं की गॅरेजवाले चकित होतात.

नाव चालू, वस्तू वेगळी

मुलाचा एक आक्षेप रास्त होता. "मग अमेरिकन कंपन्या तेच मॉडेल नव्वद वर्षं कसं काय बनवतात?" त्याच्या मनात मार्टिन डी-२८ होती. ती १९३१पासून यादीत आहे आणि आजही पेनसिल्व्हेनियातल्या नाझरेथला बनते. पण तिचीही कहाणी सरळ नाही. सुरुवातीला तिची पाठ आणि बाजू ब्राझीलच्या रोजवूडची असायची. ब्राझीलने अखंड ओंडक्यांची निर्यात थांबवल्यावर १९६९च्या सुमारास मार्टिनने भारतीय रोजवूड घेतलं, म्हणजे आपली शिसवी, दक्षिणेच्या जंगलातली. तेव्हापासूनच्या डी-२८ आणि त्याआधीच्या डी-२८ यांच्या किमतीत आणि आवाजाविषयीच्या वादात मोठं अंतर आहे. पुढे २०१७ साली आतल्या पट्ट्यांची जागाही बदलली. गिब्सन या दुसऱ्या अमेरिकन कंपनीची जे-४५ घ्या. १९४२ साली मिशिगनच्या कालामाझूत सुरू झाली, आता मोंटानातल्या बोझमनला बनते. नंबर तोच, गाव, हात आणि बरंचसं लाकूड वेगळं.

म्हणून माझ्या मते "हे मॉडेल अजून बनतं का" हा प्रश्न डी-२८ला विचारला तर हो म्हणणारा जेवढा घाईचा, तेवढाच एफजी-१८०ला नाही म्हणणारा. अमेरिकन कंपनी जुना नंबर राखते आणि आतून गिटार बदलते. यामाहा गिटार बदलली की बहुतेकदा नंबरही बदलते. गिऱ्हाइकाच्या दृष्टीने दुसरी पद्धत जास्त प्रामाणिक. फक्त तिच्यामुळे जुनी वस्तू बंद झाल्याची हळहळ वाटते, जी डी-२८वाल्यांना वाटत नाही.

गिटारचं दुखणं

आता बाईंच्या बोटांकडे वळू, कारण प्रकरणाचा गाभा तिथे होता आणि मॉडेलच्या चर्चेत तो मागे पडला होता.

बाराव्या फ्रेटवर (फ्रेट म्हणजे नेकवरच्या धातूच्या आडव्या पट्ट्या) सहावी तार फ्रेटपासून पाच मिलिमीटर वर होती. आरामात वाजवायला अडीचच्या आसपास हवी. म्हणजे बाईंना दुप्पट दाबावं लागत होतं. अशा वेळी पुष्कळ जण ट्रस रॉड, म्हणजे नेकच्या आतली धातूची सळई, पिळतात. पण ट्रस रॉडने नेकचा बाक कमी-जास्त होतो, आणि इथे नेक सरळ होता. फ्रेटांवर लांब पट्टी ठेवली तर तिचं टोक ब्रिजच्या, म्हणजे टॉपवर तारा अडकवायच्या लाकडी पट्टीच्या, माथ्याला टेकायला हवं. ते खाली, थेट ब्रिजच्या अंगावर आपटत होतं. अर्थ असा की नेकचा अंगाशी असलेला कोनच बदलला होता. स्टीलच्या सहा तारांचा एकत्रित ताण साधारण ७० किलो असतो. तो पन्नास वर्षं अखंड ओढत राहिला की जोड थोडा पुढे झुकतो आणि ब्रिजमागचा टॉप किंचित फुगतो. सॅडल, म्हणजे ब्रिजमध्ये बसवलेली तारा टेकायची बारीक पट्टी, आधीच कुणीतरी घासून तळाला आणलेली. ब्रिज घासणं शक्य होतं, पण या जुन्या यामाहांच्या ब्रिजवरच्या मोतीसारख्या ठिपक्यांखाली स्क्रू असतात, तिथे आंधळेपणाने हात चालवून चालत नाही.

खरा इलाज म्हणजे नेक काढून कोन सुधारून परत बसवणं. नाशकात पेटी आणि तबल्याची उत्तम कामं करणारे लोक आहेत, तंबोरा-सतारीसाठी मिरजेला जाता येतं, पण वाफ देऊन गिटारचा नेक सोडवणारा मला इथे माहीत नाही. पुण्या-मुंबईत करतात. शिवाय या गिटारींचा जोड सहजी सुटत नाही अशी त्यांची ख्याती, आणि खर्च नव्या एफ-३१०च्या पुढे जाऊ शकतो.

मुलाने आणखी एक वाट सुचवली: जपानमधून जुनीच, पण चांगल्या अवस्थेतली लाल लेबलची एफजी-१८० मागवायची. तिकडे त्या जुन्या मालात मिळतात. मी नको म्हटलं. वय तेच, जोड तोच, ताण तोच. फोटोत नेकचा कोन दिसत नाही. वाहतूक आणि कस्टम भरून कदाचित हेच दुखणं दुसऱ्यांदा विकत घेतलं असतं.

मी आधी एक साधी गोष्ट केली. जाड तारा काढून दहाच्या (पहिली तार ०.०१० इंच जाडीची), अगदी हलक्या संचाच्या चढवल्या, गिटार एक पूर्ण सूर खाली लावली आणि दुसऱ्या फ्रेटवर कॅपो, म्हणजे सगळ्या तारा एकदम दाबून धरणारा चिमटा, लावला. सूर मूळ पट्टीत येतो, ताण बराच कमी होतो, आणि कॅपोमुळे त्याच्या लगतच्या फ्रेटांवरची तारांची उंचीही घटते. बाईंनी एफ धरली. वाजली. मग त्यांनी नाताळचं एक अख्खं गीत वाजवलं, मध्ये न थांबता, आणि मुलाकडे बघून म्हणाल्या, "म्हणजे मी म्हातारी झाले नव्हते तर."

दुकानात

तरीही नवी गिटार घ्यायचं ठरलेलं होतं, आणि ते चुकीचं नव्हतं. कॅपोची युक्ती तात्पुरती आहे, जुन्या जोडावर रोजचा भार कमी झाला तर बरंच. आम्ही तिघं कॉलेज रोडच्या एका दुकानात गेलो.

एफजी-८०० बाईंच्या मांडीवर ठेवली. मुलाचा चेहरा खुलला, कारण दिसायला ती जवळची. बाईंनी चार कॉर्ड वाजवले आणि म्हणाल्या, "आवाज छान आहे रे, पण मी गायला लागले की मला माझंच ऐकू येईना." कोरलेल्या पट्ट्यांचा खर्ज आणि कवळून धरावं लागणारं मोठं अंग. तिची तारांची लांबी ६५० मिलिमीटर. लहान हाताला पहिल्या फ्रेटवरची एफ ताणून धरावी लागते. मी एफएस-८०० काढायला सांगितली. त्याच मालिकेतली, पण अंग लहान, कंबर जास्त आवळलेली, तारांची लांबी ६३४. बाईंनी ती पोटाशी धरली आणि खांद्याचा ताण गेलेला मला दिसला. एफ पहिल्या झटक्यात.

मुलगा नाराज. "पण आई, ही तर ती अजिबात नाही."

"ती घरी आहे की," बाई म्हणाल्या. "मामाने आणलेली. दुसरी ती कशाला पाहिजे? मला रविवारी वाजवायचंय."

वाद तिथेच मिटला. खरं तर एफजी-१८० परत हवी होती ती मुलाला. त्यात गैर काही नाही, लहानपणी त्याने तीच ऐकली होती. पण मॉडेल अजून बनतं का हे विचारणाऱ्याला मी हल्ली आधी विचारतो, हवं कोणाला आहे आणि वाजवणार कोण. उत्तरं दोन माणसांची निघाली की गिटारीही दोन लागतात.

शेवटी झालं ते असं. एफएस-८०० घेतली, रोजच्या वाजवण्यासाठी. एफजी-१८० एक सूर खाली लावून, हलक्या तारांवर, बाईंच्या खोलीत भिंतीपाशी स्टँडवर. नेकचं काम पुण्याच्या कारागिराला दाखवायचं मुलाने स्वतःकडे घेतलं. तो फोटो आणि मापं घेऊन गेला आहे.

नव्या गिटारबद्दल बाईंना एक गोष्ट बजावली, कारण जुनीने त्यांना वाईट सवय लावली होती. एकसंध टॉपला ४५ ते ५५ टक्के आर्द्रता मानवते. आपल्याकडे एप्रिल-मे महिन्यांत दुपारी हवा त्याच्या कितीतरी खाली जाते आणि जुलैत कितीतरी वर. उन्हाळ्यात टॉप आकसून बसतो, तारा खाली येतात आणि फ्रेटवर घसटतात. पावसाळ्यात तो फुगतो, तारा वर चढतात. म्हणून वाजवून झालं की गिटार केसमध्ये ठेवायची, केसमध्ये आर्द्रता मोजायचं छोटं यंत्र ठेवायचं आणि उन्हाळ्यात ओलाव्याची पुडी. आणि मी एफएस-८००साठी हाडाच्या दोन सॅडल घासून दिल्या आहेत, एक किंचित उंच, एक किंचित बुटकी. उंच मार्चमध्ये, बुटकी जूनमध्ये. तारा सैल केल्या की सॅडल हातानेच निघते. बाईंनी माझ्यासमोर एकदा बदलूनही पाहिली.